एका माणसाची उकडपेंडी, एकच कढई: प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आधी काय करायचंय ते लिहून ठेवते. सकाळी साडेसातला घर सोडावं लागतं, जेवणाची सुट्टी एकला, मधे साडेपाच तास. खोलीवर एक इंडक्शन, छोटा फ्रीज आणि ओटा म्हणाल तर पोळपाट ठेवला की संपला एवढा. तर प्रकल्प असा की एका माणसाचा नाश्ता, एकाच भांड्यात, पंधरा मिनिटांच्या आत, पोटाला एकपर्यंत धरून ठेवणारा आणि रोज खाल्ला तरी तब्येतीला बरा असा बसवायचा.

पोहे, उपमा, धिरडी, थालीपीठ सगळ्यांचा विचार केला. धिरड्याला उभं राहावं लागतं, थालीपीठ मला सगळ्यात आवडतं पण एकेक थापा, झाका, उलटा, यात वेळ जातो आणि हात बरबटतात ते वेगळंच. पोहे पटकन होतात पण मला दहालाच भूक लागते, आणि आकडे बघितले तर ते सरळच आहे, १०० ग्रॅम ज्वारीत तंतू साधारण १० ग्रॅम आणि पोह्यांत साडेतीनच्या आसपास, प्रथिनं ज्वारीत १० आणि पोह्यांत सातच्या थोडी वर (हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांतले आकडे आहेत).

म्हणून उकडपेंडी. मी मूर्तिजापूरची, आमच्याकडे ही सकाळची नेहमीची. विदर्भाबाहेर बऱ्याच जणांना माहीत नसते म्हणून सांगते, पीठ खमंग भाजायचं, फोडणीत कांदा-मिरची परतायची, त्यात पीठ टाकून ताकाचा नाहीतर पाण्याचा हबका मारत मारत वाफेवर मोकळं शिजवायचं. घरोघरी कणकेची करतात, जाडसर दळलेली कणीक असेल तर उत्तमच, आणि ज्वारीचीही करतात. भांडं एक, लाटणं-थापणं काही नाही. अडचण एकच, घरी ती चार-पाच जणांची होते. एकीची कशी करायची हे कोणी सांगत नाही, सगळे म्हणतात प्रमाण कमी कर.

४ नोव्हेंबर, मंगळवार

पहिली चाचणी मुद्दाम अगदी सरळ हिशेबाने केली, घरचं प्रमाण भागिले चार. ज्वारीचं पीठ ६० ग्रॅम, तेल सव्वा चमचा, अर्धा छोटा कांदा, एक मिरची, पाणी-ताक मिळून ८० मिली. भांडं माझ्याकडे होतं ते २६ सेंटीमीटरचं नॉनस्टिक.

निकाल: सव्वा चमचा तेल एवढ्या मोठ्या सपाट बुडावर नुसतं पसरून गेलं, मोहरी तेलात बुडलीच नाही त्यामुळे निम्मी तडतडली निम्मी कच्ची. पीठ टाकल्यावर त्याचा थर जेमतेम अर्धा सेंटीमीटर, ताकाचा हबका मारला की छू करून वाफ वर निघून जाते, झाकण ठेवेपर्यंत अर्धं पाणी गेलेलं. शेवटी दाण्याला आत कच्चट चव आणि बाहेरून कोरडं. खाल्ली, वाया नाही घालवली, वरून दही घेतलं.

तर मुद्दा पहिल्याच दिवशी पुढे आला, आणि मला वाटतं हाच या सगळ्या कामाचा गाभा आहे. चौघांच्या पदार्थाला चारने भागलं की पीठ, कांदा, मीठ भागलं जातं, पण भांड्याचं बूड, उडून जाणारी वाफ आणि मोहरी बुडायला लागणारं तेल हे काही चारने भागलं जात नाही. एकट्याचं रांधायचं तर भांड्यापासूनच सुरुवात करायला हवी.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज केलं काहीच नाही, केळं आणि शेंगदाणे खाऊन गेले. बसमध्ये भांड्याचा विचार.

गॅस असता तर सोपं होतं, घरची गोल बुडाची लोखंडी कढई आणली असती, तेल आपोआप मधे गोळा होतं आणि एका चमच्यात फोडणी होते. इंडक्शनला गोल बूड चालत नाही, भांड्याचं बूड काचेला सपाट टेकलं पाहिजे आणि लोखंडाचं किंवा चुंबक चिकटेल अशा स्टीलचं पाहिजे. भांडं तिरपं करून तेल एका कडेला आणायची युक्ती पण इथे चालत नाही कारण भांडं उचललं की शेगडी बंद पडते. आणि एक तिसरी गोष्ट, जी मला भाजताना जाणवली, बऱ्याच घरगुती इंडक्शनवर कमी आच म्हणजे खरं तर मंद आच नसते, ती थोडा वेळ पूर्ण चालू आणि थोडा वेळ पूर्ण बंद अशी चालते. पातळ बुडाच्या भांड्यात त्यामुळे पीठ एकदम करपायला येतं मग थंड पडतं मग परत करपायला येतं. जाड बूड हवं म्हणजे ते झटके भांड्यातच जिरतील.

नॉनस्टिक मला यासाठी नकोच आहे, पीठ भाजायला रिकामं भांडं तापवावं लागतं आणि तो लेप रिकामा तापवणं बरं नाही, फार तापला (२६० अंशांच्या वर) की तो खराब व्हायला लागतो. शिवाय लोखंडी उलथनं त्यात वापरता येत नाही आणि उकडपेंडीला उलथन्याची धार लागतेच, गुठळ्या फोडायला.

८ नोव्हेंबर, शनिवार

तुळशीबागेजवळच्या भांड्यांच्या गल्लीत गेले, तीन-चार दुकानं फिरले. बिडाची (म्हणजे ओतीव लोखंडाची) सपाट बुडाची छोटी कढई मिळाली, वरून २० सेंटीमीटर, बूड १३-१४, वजनाला चांगलीच जड. पर्समध्ये फ्रीजवरचं चुंबक घेऊन गेले होते, दुकानातच लावून बघितलं. बूड फार लहान असेल तर इंडक्शन भांडं ओळखतच नाही, साधारण १२ सेंटीमीटरच्या खाली जाऊ नये. झाकण वेगळं घ्यावं लागलं, स्टीलचं, थोडं खोलगट, ते मला मुद्दाम खोलगटच हवं होतं म्हणजे वाफेला जागा राहते आणि पाणी कडेने परत आत उतरतं.

संध्याकाळी कढई घासून, कोरडी करून, तेलाचं बोट फिरवून तापवली, थंड केली, परत तेल, परत तापवली. शेवटी त्यात कांद्याच्या साली आणि मीठ परतून टाकून दिलं. आता काळीभोर चमकते.

९ नोव्हेंबर, रविवार

पिठाचा दिवस. रोज सकाळी पीठ भाजत बसले तर सहा-सात मिनिटं तिथेच जातात, म्हणून आठवड्याचं एकदम भाजून डब्यात भरायचं ठरवलं.

ज्वारी मंगळवेढ्याची मालदांडी घेतली, २०१६ पासून मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, आणि खरंच भाकरीला तिची चव वेगळी लागते. २०२३ च्या भरडधान्य वर्षापासून दुकानात ज्वारीचे फ्लेक्स, ज्वारीचे पफ, ज्वारीची बिस्किटं सगळं दिसायला लागलंय पण पाकिटात शिरलं की ज्वारी महाग होते आणि त्यात साखर-मीठ काय काय येतं, आपली गिरणीवरची ज्वारी बरी. गिरणीवाल्या काकांना जाडसर दळायला सांगितलं, त्यांनी दोनदा विचारलं भाकरीला नको ना, मग गिरणीचा दगड थोडा उचलून दिलं.

मिश्रण: ज्वारी ३०० ग्रॅम, बेसन ६० ग्रॅम. बेसन का, तर ज्वारी एकटी खाल्ली तर प्रथिनं थोडी कमी पडतात आणि धान्याच्या प्रथिनात जे कमी असतं ते डाळीत असतं, वरणभाताचं जे गणित तेच इथे. दोन्ही वेगवेगळं भाजलं कारण बेसनाचा रंग आणि ज्वारीचा रंग एका वेळी बदलत नाही. ज्वारीचा रंग तर फार बदलतच नाही, तिथे नाकावर भरवसा ठेवायचा.

आईला फोन लावला, स्पीकरवर ठेवून भाजत होते. तिला उलथन्याच्या आवाजावरूनच कळलं असावं. म्हणाली, "काहून वं, पीठ भाजाले एवढी घाई कायची? वास सुटू दे, हलकं लागलं पाह्यजे उलथन्याले." आणि हे मला कुठल्याच रेसिपीत मिळालं नव्हतं. कच्चं पीठ उलथन्याला जड लागतं, ओढावं लागतं, जरा चिकटल्यासारखं सरकतं. भाजत आलं की ओल निघून जाते आणि ते एकदम सुटं होतं, उलथनं फिरवलं की पीठ आपणहून कडेवरून खाली घसरतं. त्या क्षणी इंडक्शन बंद आणि लगेच ताटात काढायचं, बिडाची कढई बंद केल्यावरही भाजतच राहते.

शेंगदाणे पण आजच भाजून सोलून ठेवले. एका चमच्या तेलात कच्चे दाणे तळायला घेतले तर मोहरी करपते तरी दाणे कच्चेच राहतात, त्यापेक्षा हे बरं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

पाण्याचं प्रमाण. तीन दिवस सकाळी काटा घेऊन बसलेय, सगळ्यात जास्त वेळ इथेच जाणारेय हे माहीत होतं.

पीठ ६० ग्रॅम कायम ठेवलं. सोमवारी ८० मिली (६० ताक, २० पाणी): छान मोकळी पण घशाला अडकते, चहा मागते. मंगळवारी १२० मिली: चव चांगली, पण गोळे झाले, उपम्यासारखी, ही उकडपेंडी नाही. आज १०० मिली, ६० ताक आणि ४० पाणी. बसली! मुठीत दाबली तर मूठ वळते, बोट लावलं की सुटते, ओल्या वाळूसारखी.

पण नुसता आकडा लिहून भागत नाही, पाणी कसं घालता त्यावर बरंच आहे. एकदम ओतलं तर जिथे पडतं तिथलं पीठ ताबडतोब पाणी पिऊन फुगतं आणि त्याची गाठ होते, बाकीचं कोरडंच. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा धरणारा ग्लुटेन नसतो म्हणून ती गाठ उलथन्याने फोडता येते हे खरं, पण आतलं पीठ कच्चट राहतं. म्हणून तीन हबक्यात. पहिला हबका मारायचा, उलथन्याच्या धारेने वरखाली करायचं, मग दुसरा, मग परत, मग तिसरा कडेकडेने, आणि झाकण. कडेने मारलेला हबका गरम बिडावर पडून वाफ होतो आणि ती वाफ झाकणाखाली अडकते. चार मिनिटं झाकून, मधे एकदा वरखाली.

पाणी गरम घेतलं की जास्त चांगलं. गार पाण्याने कढईचा ताव उतरतो आणि थोडक्या पिठात तो परत चढायला वेळ लागतो. दुसरं भांडं नको म्हणून मी सकाळी पिण्यासाठी केटलीत तापवते त्यातलंच ४० मिली घेते. ताक मात्र गरम करायचं नाही, फक्त फ्रीजमधून आधी काढून ठेवायचं, दात घासायच्या आधी.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

वेळ मोजली. कांदा चिरण्यापासून ताटलीत पडेपर्यंत १२ मिनिटं. कांदा रात्री चिरून ठेवायचा प्रयोग करणार नाही, फ्रीजभर वास येतो आणि वाचतं किती तर एक मिनिट.

२० नोव्हेंबर, गुरुवार

पोटभरीचं बघूया. आत्ताचा हिशेब: ५० ग्रॅम ज्वारीतून ५ ग्रॅम प्रथिनं, १० ग्रॅम बेसनातून २ ग्रॅम, मूठभर म्हणजे २० ग्रॅम दाण्यांतून ५. ताकातून थोडी. म्हणजे बारा-तेरा. ऑफिसमधे बारा वाजता भुकेची जाणीव होते, म्हणजे अजून जरा जागा आहे.

दोन मार्ग करून बघितले. एक अंडं: उकडपेंडी होत आली की कडेला सारायची, मधे थेंबभर तेल, अंडं फोडायचं, त्यावर मीठ-मिरी, झाकण, दीड-दोन मिनिटं. सहा ग्रॅम प्रथिनं जास्तीची आणि भांडं तेच. पिवळा बलक अर्धवट ठेवून उकडपेंडीत कालवला तर कोरडेपणा अजिबात राहत नाही, मला हे फार आवडलं. दुसरा मार्ग मोड आलेली मटकी: कांद्याबरोबर मूठभर टाकायची, दोन हबके पाणी, तीन मिनिटं झाकून मग पीठ. गुरुवार-सोमवारी अंडं नको असतं तेव्हा मटकी. मटकीच्या दिवशी पीठ ५० वर आणलं, नाहीतर कढईत मावत नाही.

तेलाबद्दल. या कढईत दीड छोटा चमचा पुरतो, साधारण ७ मिली. एक चमच्यावर आणून बघितलं, फोडणी होते पण हळद-हिंग पिठाला सगळीकडे लागत नाहीत, फिकट ठिपके राहतात. दीडच्या खाली जाणार नाही. आरोग्यदायी म्हणजे तेल काढून टाकणं असं मला वाटत नाही, कोरडी उकडपेंडी कोणी आठवडाभर खाणार नाही.

मीठ मात्र मोजून, पाव छोटा चमचा. ताक बिनमिठाचं घ्यायचं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणते आणि आपल्याकडे नाश्त्याला लोणचं, पापड, शेव करत करत निम्मं तिथेच संपतं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

घरमालकीण काकू सोलापूरच्या, त्यांच्याकडे भाकरी रोजची. त्यांच्या डब्यात महिनाभराचं ज्वारीचं पीठ पडून होतं, म्हणाल्या याला आता विरी नाही, भाकरी थापताना चिरते, टाकून देऊ का. मी मागून घेतलं, चाळून, वास बघून (कडवट नव्हता), भाजलं आणि आज त्याची केली. ताज्या पिठापेक्षा मोकळी झाली! विचार केला तर बरोबर आहे, भाकरीला पीठ एकमेकांना धरून राहायला लागतं, इथे सुटं राहायला लागतं. काकूंना वाटीभर नेऊन दिली. त्यांनी वरून दाण्याची चटणी आणि कच्चं तेल घेतलं, सोलापूरकडे कशावरही दाण्याची चटणी घेतात, आणि इथे ती इतकी चपखल बसते की मी पण डबा भरून घेतला.

बाजरीचं मात्र असं करायचं नाही, बाजरीचं पीठ लवकर कडू होतं, ते लागेल तेवढंच दळून आणायचं.

१० डिसेंबर, बुधवार

थंडी चांगली पडलीये. सकाळी कढई हातात धरवत नाही एवढी गार असते आणि बीड तापायला वेळ घेतं, त्यामुळे बारा मिनिटांची चौदा झाली. उपाय सोपा, उठल्या उठल्या कढई इंडक्शनवर ठेवून मध्यम आचेवर दोन मिनिटं तापू द्यायची आणि तेवढ्यात कांदा चिरायचा. एकदम पूर्ण आचेवर गार बीड तापवू नये, तडा जाऊ शकतो.

ताकाने बिडाचा काळा रंग उतरतो का हे पण बघत होते. उतरत नाही, पण उकडपेंडी कढईत तशीच ठेवून आंघोळीला गेलं तर आंबट आणि लोखंड मिळून काळपट होते, धातूची चव लागते. होताक्षणी ताटलीत काढली की काही प्रश्न नाही. आंबटात थोडं लोह उतरतं ते एका अर्थी फायद्याचंच. लिंबू मी आच बंद केल्यावर ताटलीतच पिळते, लिंबातल्या क जीवनसत्त्वाने धान्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. आणि चहा? चहा त्याच्या उलट करतो. म्हणून चहा आता ऑफिसला पोचल्यावर, तासाभराने. पहिला आठवडा जड गेलं, आता सवय झाली.

२१ डिसेंबर, रविवार

मैत्रीण राहायला आली, दोघींची केली. आईने आधीच सांगून ठेवलं होतं, "दोघींचं करशीन तं ताक डबल नको करू, आधी दीडपट टाकून पाय, मंग शिपड." तसंच केलं. पीठ १२० ग्रॅम, पाणी-ताक १५० ने सुरुवात, शेवटी १६० ला बरोबर झाली. दुप्पट म्हणजे २०० घातलं असतं तर लगदा. कढईचं तोंड तेच, वाफ उडून जाते ती जवळपास तेवढीच, मग पिठाला वाटून येणारं नुकसान निम्मं. पहिल्या मंगळवारचाच हिशेब आहे हा, फक्त उलट्या बाजूने. आईला यातलं वाफेचं वगैरे काही सांगितलं नाही, तिला ते हाताला माहीत आहे.

तेल पण दुप्पट लागलं नाही, अडीच चमचे पुरले. मैत्रीण कोकणातली, तिला ओलं खोबरं हवं होतं वरून, घातलं. नारळ असेल तर रोज घालायला हरकत नाही, पण एकीसाठी नारळ फोडला की उरलेलं खोबरं संपवायचं वेगळं काम होतं, म्हणून माझ्या रोजच्या यादीत ते नाही.

४ जानेवारी २०२६, रविवार

आता बसलंय, म्हणून कायमची पद्धत एका जागी लिहून ठेवतेय, ज्यांच्याकडे भांडं माझ्यासारखंच (२० सेंटीमीटरच्या आसपास, जाड बूड) आहे त्यांना जशीच्या तशी चालेल, भांडं मोठं असेल तर पाणी १०-२० मिली जास्त धरा.

कढई मध्यम आचेवर दोन मिनिटं, तेवढ्यात अर्धा कांदा बारीक, एक मिरची, कढीपत्त्याची पाच-सहा पानं. दीड छोटा चमचा तेल, मोहरी तडतडली की जिरं, हिंग, मिरची, कढीपत्ता, हळद सगळ्यात शेवटी कारण ती लगेच जळते. कांदा, मीठ पाव चमचा, कांदा पारदर्शक होईपर्यंतच परतायचा, लाल करायचा नाही, त्यातली ओल आपल्याला हवी आहे. भाजलेलं मिश्रण ६० ग्रॅम (माझ्या छोट्या वाटीने काठोकाठ एक), दाणे मूठभर, मिनिटभर सगळं तेल पिठाला लागेपर्यंत परतायचं. मग ताक ६० मिली दोन हबक्यात, प्रत्येक हबक्यानंतर उलथन्याच्या धारेने वरखाली, मग गरम पाणी ४० मिली कडेकडेने आणि झाकण. आच एक पायरी खाली. दोन मिनिटांनी वरखाली, परत दोन मिनिटं. उघडून चिमूटभर तोंडात टाकून बघायची, दाताखाली पिठूळ लागली तर अजून एक हबका आणि एक मिनिट. अंडं घालायचं असेल तर इथे. ताटलीत काढायची, वरून कोथिंबीर, लिंबू, दाण्याची चटणी.

कढई गरम असतानाच त्यात पाणी ओतू नये, आधी जरा निवू द्यायची. मी खाऊन होईपर्यंत ती कोमट होते, मग गरम पाण्याने नुसती घासणी मारायची, साबण रोज लागत नाही, पुसून एक मिनिट इंडक्शनवर कोरडी आणि तेलाचं बोट.

पुढच्या आठवड्यात भोगी आहे तर बाजरीची करून बघणार, वरून भाजलेले तीळ. गिरणीत अर्धा किलोच बाजरी द्यायची, जाडसर, आणि प्रमाण परत काट्यावर बघावं लागेल, ९० मिलीपासून सुरुवात करते.